बॉम जेझूस चर्चचा उतरलेला गिलावा

जीर्णोद्धार हा शब्द मराठी माणसाच्या फार जुन्या ओळखीचा आहे. नवें देऊळ बांधण्यापेक्षां पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करण्यांत अधिक पुण्य, अशी समजूत आपल्या गांवोगांवीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु पुण्याचें असलें तरी हें काम सोपें नाहीं. जीर्ण काय झालें आणि धडधाकट काय आहे, हें नीट ओळखल्यावांचून उद्धारास हात घातला, तर चांगल्या हेतूनें केलेली दुरुस्तीहि इमारतीच्या मुळावर येते. ह्याचें एक ठळक उदाहरण जुन्या गोव्यांत उभें आहे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचें शव जेथें आहे, तें बॉम जेझूसचें चर्च तें हेंच.

श्रोत्यांतील ज्यांनीं जुनें गोवें पाहिलें असेल, त्यांना एक गोष्ट आठवेल. रस्त्याच्या एका बाजूस से कॅथीड्रल व असिसीच्या संत फ्रान्सिसचें चर्च अशा दोन पांढऱ्याशुभ्र इमारती आहेत, आणि दुसऱ्या बाजूस बॉम जेझूस मात्र तांबडेंलाल आहे. त्याच्या भिंतींचा जांभा दगड उघडा आहे. पाहाणारास वाटतें, हें चर्च मुळापासूनच असें असावें. किंबहुना तें शेजारच्या चर्चांहून अधिक जुनें असावें. ह्या दोन्ही समजुती खोट्या आहेत. बॉम जेझूस हें से कॅथीड्रलच्या नंतर आरंभिलेलें चर्च आहे, आणि सुमारें साडेतीनशें वर्षें तेंहि चुन्याच्या गिलाव्यानें झांकलेलें होतें. तें उघडें पडलें तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि तेंहि जीर्णोद्धाराच्या नांवानें.

ह्या चर्चचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत असा. इ. स. १५१० मध्यें आफोन्सो द आल्बुकेर्क ह्यानें गोवें शहर आदिलशाहीकडून जिंकून घेतलें, आणि पुढें तें पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी झालें. निरनिराळ्या ख्रिस्ती संघांनीं तेथें आपापले मठ व चर्चें उभारलीं. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं २४ नोव्हेंबर १५९४ रोजीं बॉम जेझूसची पायाभरणी केली, व १५ मे १६०५ रोजीं आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस ह्यांच्या हस्तें त्याचें अभिमंत्रण झालें. बॉम जेझूस म्हणजे चांगला येशू. ह्या कामास द्रव्य पुरविलें तें कोचीनचा कप्तान जेरोनिमो मस्कारेन्यस ह्यानें. तो १५९३ सालीं वारला. त्याच्या मृत्युपत्रानें ठेवलेल्या संपत्तींतून चर्च उभें राहिलें, आणि त्याचें स्मारक आजहि मुख्य दालनांत आहे.

इमारत आंतून १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद व ६१ फूट उंच आहे. दर्शनी भिंत ७८ फूट उंच आहे. बांधकाम मुख्यतः जांभ्या दगडाचें. परंतु जांभ्यावर बारीक कोरीव काम उठत नाहीं, म्हणून दर्शनी भागांतील खांब, चौकटी, पट्ट्या आणि शिरोभागीं असलेलीं येशूच्या नामाचीं अक्षरें ह्यांसाठीं काळा पाषाण आणला तो थेट वसईहून. वसई तेव्हां पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखालीं मराठ्यांनीं ती जिंकली ती पुढें १७३९ सालीं. म्हणजे उत्तर कोंकणचा दगड जहाजांनीं दक्षिणेस नेऊन ह्या चर्चच्या तोंडावर बसविलेला आहे. हा खर्च करणारांचा हेतु उघड होता. पांढऱ्या गिलाव्याच्या पार्श्वभूमीवर काळी कोरीव रेघ उठून दिसावी, अशी ही योजना होती. आज तांबड्या दगडांत तो काळा पाषाण पुष्कळसा बुडून गेल्यासारखा दिसतो.

ह्या वास्तूस जगभर कीर्ति मिळाली ती अर्थात् संत झेवियर ह्यांच्यामुळें. चीनच्या किनाऱ्यानजीकच्या बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचें शव मलाक्का मार्गें १५५४ सालीं गोव्यास आणण्यांत आलें. १६२२ सालीं त्यांना संतपद देण्यांत आलें, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं शव बॉम जेझूसमध्यें आलें. तें ज्या रुपेरी करंडकांत आहे, तो गोव्यांतल्याच कारागिरांनीं १६३७ च्या सुमारास घडविला. करंडकाखालची संगमरवरी समाधि तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा ह्यानें पाठविली. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी ह्या मूर्तिकाराचें तें दहा वर्षांचें काम असून १६९८ सालीं तें येथें उभें करण्यांत आलें. गोव्यांतील लोक ह्या संतास ‘गोंयचो सायब’ म्हणजे गोव्याचा स्वामी म्हणतात, आणि हें नांव घेणारांत केवळ ख्रिस्तीच आहेत असें नाहीं.

पुढें गोवें शहराचा ऱ्हास झाला. साथीच्या रोगांनीं वस्ती उठली. १७५९ सालीं येशूसंघाची हकालपट्टी झाली, १८३५ सालीं इतर संघांचे मठहि बंद करण्यांत आले, व १८४३ सालीं पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला. रिकाम्या मठांचे चिरे लोकांनीं उचलून नेले. टेकडीवरील संत ऑगस्टिनच्या चर्चची कमान १८४२ मध्यें कोसळली. दर्शनी भाग व अर्धा मनोरा १९३१ मध्यें ढांसळला. आज तेथें एक उंच तुटका मनोरा तेवढा उरला आहे. बॉम जेझूस वांचलें, ह्याचें कारण त्याच्या दगडाचा विशेष मजबूतपणा हें नव्हे. तेथें मिस्सा होत राहिली, दिवा लागत राहिला, भाविक येत राहिले. म्हणून छप्पर शाकारलें गेलें आणि भिंतीला वेळच्यावेळीं चुना लागला. पूजा चालू असणें हेंच वास्तूचें पहिलें संरक्षण होय.

आतां गिलावा कां उतरविला तें पाहूं. पोर्तुगालमध्यें १९२९ सालीं राष्ट्रीय इमारती व स्मारकें ह्यांसाठीं एक स्वतंत्र खातें स्थापन झालें. सालाझारच्या राजवटींत ह्या खात्यानें लिस्बन, पोर्तो वगैरे ठिकाणच्या जुन्या कॅथीड्रलांवरील मागाहूनचीं अलंकरणें काढून टाकून तीं मध्ययुगीन, दगडी व कठोर दिसतील अशीं केलीं. राष्ट्राचें प्राचीनत्व डोळ्यांना दिसलें पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. ह्याच खात्यांत वाढलेले वास्तुशिल्पी बाल्ताझार कास्त्रो हे १९५० नंतरच्या दशकांत गोव्यास आले, आणि त्यांच्या देखरेखीखालीं बॉम जेझूसचा बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यांत आला. काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि गोव्याची मागणी करीत होता. पोर्तुगालनें १९५१ सालीं घटना बदलून वसाहतींस ‘समुद्रापलीकडील प्रांत’ असें नांव दिलें होतें. आपली सत्ता येथें किती जुनी आहे, हें जगाला दाखविण्यास उघडा, झिजलेला, तांबडा दगड पांढऱ्या रंगापेक्षां अधिक उपयोगी पडला, असा तर्क अभ्यासकांनीं मांडला आहे. इतकें खरें कीं, ही वास्तु जितकी जुनी होती त्याहून अधिक जुनी दिसूं लागली.

दगड उघडा ठेवणें सौंदर्याचें लक्षण, ही आवड युरोपांत त्याही पूर्वींची आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कित्येक चर्चांच्या भिंती अशाच खरवडण्यांत आल्या होत्या. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस ह्यानें १८७७ सालीं प्राचीन वास्तूंच्या संरक्षणार्थ एक संस्था काढली, आणि लोकांनीं तिचें टोपण नांवच ‘खरवड-विरोधी मंडळी’ असें ठेवलें. म्हणजे जी चूक इंग्लंडांत उघडकीस येऊन पाऊणशें वर्षें लोटलीं होतीं, तीच गोव्यांत नव्यानें करण्यांत आली. आणि इंग्लंडांत जी चूक मुख्यतः अभिरुचीची होती, ती गोव्यांत इमारतीच्या प्राणावर बेतणारी ठरली. ह्याचें कारण पाऊस आणि जांभा.

जांभा हा विलक्षण दगड आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन ह्यानें मलबारांत तो पाहिला, आणि १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतांत विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. कारण खाणींत असतांना तो इतका मऊ असतो कीं विटेसारखा कापून काढतां येतो, आणि हवा लागल्यावर कठीण होतो. परंतु हा कठीणपणा फसवा आहे. दगडाचा सांगाडा लोहाचा, आणि त्या सांगाड्याच्या पोकळ्यांत मऊ माती भरलेली. पाण्याचा मारा सुरू झाला कीं ही माती हळूहळू धुपून जाते, पोकळ्या मोठ्या होतात आणि त्यांत पाणी मुरूं लागतें. मुरलेलें पाणी उन्हाळ्यांत वाळतांना क्षार मागें ठेवतें; ते क्षार दगडाचा पापुद्रा सुटा करतात. चिऱ्यांच्या सांध्यांतील चुना झडतो, तेथें शेवाळ व रोपटीं मूळ धरतात. गोव्यांत वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. अलीकडे पश्चिम किनाऱ्यावर थोड्या तासांत अतोनात पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढले असल्यामुळें हा मारा पूर्वींपेक्षां अधिकच तीव्र झाला आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, कोंकणांत जांभ्याचीं उघडीं घरें पुष्कळ आहेत, तीं कां पडत नाहींत? प्रश्न योग्य आहे. पण त्या घरांकडे नीट पाहावें. भिंत ठेंगणी असते, आणि कौलारू छपराची पागोळी भिंतीपासून हात-दोन हात दूर पडते. शिवाय जुन्या चालीचीं माणसें मृगापूर्वीं भिंतींना माडाच्या झावळ्यांचीं विणलेलीं झापें बांधीत. म्हणजे कोंकणी माणसानें जांभ्याला केव्हांहि पावसांत उघडें सोडलेलें नाहीं. छत्री नाहीं तर खोळ, कांहींतरी दिलेंच आहे. साठ-सत्तर फूट उंचीच्या चर्चच्या भिंतीला छपराची छत्री पुरणार कशी? तेथें गिलावा हीच खोळ होती. गोव्यांतील मोठ्या देवळांच्या जांभ्या भिंतीहि ह्याच कारणानें गिलाव्याखालीं असतात. शोभा हें त्याचें दुय्यम काम.

चुन्याचा गिलावा ही मोठ्या शहाणपणाची वस्तु आहे. तो पाणी अडवितो, पण भिंतीचा श्वास कोंडीत नाहीं. आंत शिरलेली ओल त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर निघून जाते. ऊन, पाऊस, क्षार ह्यांचा मार तो स्वतः सोसतो व दगडाऐवजीं आपण झिजतो. कांहीं वर्षांनीं तो पुन्हां द्यावा लागतो. परंतु गिलावा नवा करतां येतो, दगड नवा करतां येत नाहीं. जो थर झिजण्यासाठींच दिला होता, तो झिजलेला व मळलेला पाहून काढून टाकणें, म्हणजे मळली म्हणून ढाल फेंकून देण्यासारखेंच झालें.

तरीहि गिलावा परत द्यावा कीं नाहीं, ह्याविषयीं गोव्यांत मतभेद आहेत, आणि विरुद्ध पक्षाचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. गोवें १९ डिसेंबर १९६१ रोजीं मुक्त झालें. त्यानंतर जन्मलेल्या सर्वांनीं हें चर्च तांबडेंच पाहिलें आहे. त्यांच्या आईबापांचीं लग्नें ह्याच तांबड्या भिंतींच्या सावलींत झालीं. पुस्तकांत, पत्रिकांवर, चित्रांत हाच रंग आहे. १९८६ सालीं जुन्या गोव्यांतील चर्चें जागतिक वारशांत समाविष्ट झालीं, तेव्हांहि बॉम जेझूस उघडेंच होतें. १९६४ सालच्या व्हेनिस येथील सनदेनें असें सांगितलें आहे कीं, एखाद्या स्मारकांत निरनिराळ्या काळांनीं घातलेली रास्त भर आदरानें राखावी. मग हा उघडेपणाहि इतिहासाचाच एक थर नव्हे काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना ‘भर’ ह्या शब्दावर बोट ठेवावें लागतें. कास्त्रोंच्या कामानें चर्चांत कांहीं भर पडली नाहीं. होतें तें गेलें. आणि त्याच सनदेचा दुसरा दंडक असा कीं, जेथें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धारानें थांबावें. बॉम जेझूसच्या गिलाव्याच्या बाबतींत तर्क करण्याची गरज नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रांत पांढऱ्या भिंती स्पष्ट दिसतात. सवयीचा मान राखलाच पाहिजे. पण सवय साठ-सत्तर वर्षांची आहे, आणि भिंत सव्वाचारशें वर्षांची.

डोळ्यांची सवय किती लवकर बदलते, ह्याचें एक उदाहरण नुकतेंच घडलें. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलास १५ एप्रिल २०१९ रोजीं आग लागून लांकडी छप्पर व शिखर जळून गेलें. पुढें साडेपांच वर्षांत ओकच्या लांकडाचा सांगाडा, शिशाचें छप्पर व शिखर हीं सर्व पूर्वींसारखींच उभारण्यांत आलीं. त्याबरोबर आंतील भिंतींवर सांठलेली काजळी धुऊन काढली, नवी वेदी बसविली, नवी दीपयोजना केली, आणि छपरांत आग विझविण्यासाठीं पाण्याच्या तुषारांची व्यवस्था ठेवली. डिसेंबर २०२४ मध्यें दारें उघडलीं तेव्हां अंधाऱ्या नोत्र-दामची सवय असलेले लोक आंतील उजळ दगड पाहून थक्क झाले. तेथें काढला तो मळ. बॉम जेझूसवरून काढला तो त्याचा अंगरखा. दोन्ही कामांस लोक जीर्णोद्धारच म्हणतात. म्हणून शब्दावर न जातां काय काढलें व काय राखलें हें पाहावें.

त्याच डिसेंबरांत जुन्या गोव्यांत संत झेवियर ह्यांचें दशवार्षिक शवप्रदर्शन चालू होतें. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत शव से कॅथीड्रलमध्यें ठेवलें होतें, आणि देशोदेशींचे भाविक रांगा लावून उभे होते. अशा वेळीं दुसरा एक प्रश्न पुढें येतो. हें स्थान भाविकांचें कीं प्रवाशांचें? पॅरिसमध्यें हाच वाद निघाला होता. प्रवाशांकडून पांच युरो घ्यावेत अशी सूचना सरकारी बाजूनें आली. प्रार्थनामंदिराचें दार सर्वांना विनामूल्य उघडें असलें पाहिजे, असें धर्मसंस्थेनें बजावलें, आणि तसेंच राहिलें. गोव्यांतहि चर्चच्या दारीं प्रवेशमूल्य नाहीं. भारतीय पुरातत्त्व खातें वास्तूचें रक्षण करतें, उपासना मात्र धर्मप्रांताच्या हातीं आहे. दोघांनीं एकमेकांस विचारून चालल्याशिवाय साधी कौलें बदलण्याचें कामहि वेळेवर होत नाहीं. आणि गळक्या छपराखालीं मृगाचे दिवस काढणें जुन्या इमारतीस परवडत नाहीं.

प्रवासी आणि भाविक ह्यांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी परस्परविरुद्ध नाहींत. सौम्य दिवे, झांकलेल्या विजेच्या तारा, वृद्धांस व पंगूंस चढतां येईल असा उतरता मार्ग, बाहेर पिण्याचें पाणी व शौचकूप, मिस्सेच्या वेळीं प्रवाशांस थांबण्याची वेगळी जागा, ह्या आधुनिक सोयींनीं चर्चचें पावित्र्य उणें होत नाहीं, उलट वाढतें. अट एकच कीं, प्रत्येक नवी वस्तु पुढें काढून घेतां येईल अशी बसवावी, आणि तिच्यासाठीं जुनी भिंत फोडूं नये. प्रवाशाला तांबडी भिंत चित्रांत सुंदर दिसते. पण चित्र घेऊन तो घडीभरांत निघून जातो. पाऊस मात्र तेथेंच राहतो, आणि भिंतींतून ओल झिरपली तर तिचा उपद्रव आंतील गिलाव्याला व सोनेरी वेद्यांच्या लांकडाला होतो, म्हणजे पर्यायानें तेथें रोज गुडघे टेंकणाऱ्या माणसांना.

ह्यावर उपाय आहे, परंतु तो घाईचा नाहीं. प्रथम भिंतींची चिरेवार तपासणी व्हावी. सांध्यांतील रोपटीं मुळांसह काढावीं, निकामी चिरे तेवढे बदलावे. मग कोठें तरी जुन्या गिलाव्याचा तुकडा शिल्लक असेल तर त्याचें पृथक्करण करावें. एका लहानशा भागावर चुन्याचा गिलावा देऊन दोन-तीन पावसाळे त्याची परीक्षा पाहावी. सिमेंटला मात्र जवळ येऊं देऊं नये. तें ओल आंत कोंडून धरतें, आणि वरून भिंत धड दिसत असतां आंतून दगड पोखरला जातो. चुना पाऊस ओसरल्यावर लावावा, पातळ थरांनीं लावावा, आणि दिवसेंदिवस ओला ठेवून सावकाश मुरूं द्यावा. हें कसब जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत. त्यांच्या हाताखालीं तरुण मुलें ह्याच कामावर तयार करावीं, म्हणजे चर्चबरोबर एका विद्येचाहि जीर्णोद्धार होईल. आणि लोकांना विश्वासांत घ्यावें. ज्यांनीं आयुष्यभर तांबडें चर्च पाहिलें, त्यांना तें पांढरें कां करावयाचें हें मिस्सेनंतर, शाळांतून, वर्तमानपत्रांतून समजावून सांगितलें पाहिजे. १९५० नंतर गिलावा उतरविला गेला तो अधिकाऱ्यांच्या हुकुमानें; तो परत द्यावयाचा तर लोकांच्या संमतीनें द्यावा.

वास्तूचें खरें रूप कोणतें, ह्याचा निर्णय शेवटीं तिच्या बांधणारांच्या हेतूवरून आणि तिच्या दगडाच्या स्वभावावरून करावा लागतो. बॉम जेझूस बांधणाऱ्या कारागिरांना जांभा ठाऊक होता, पाऊस ठाऊक होता आणि चुना ठाऊक होता. त्यांनीं ह्या तिहींची सांगड घातली व ती साडेतीनशें वर्षें टिकली. त्यांच्याहून आपण अधिक जाणतों, अशा समजुतीनें एका पिढीनें ती सांगड मोडली. ती पुन्हां जुळविणें हें पुढच्या पिढ्यांचें कर्तव्य आहे, आणि दर मृगाबरोबर त्यास थोडा थोडा उशीर होत आहे.